कपाच्या बुडाला लाल ठिपका

"इथं ये. मुलांकडं तोंड करून उभी राहा. आणि बोलू नकोस काही."

मी मार्कर द्यायला वर्गात गेले होते. फळ्यावरचा मार्कर वाळला होता, मॅडमनी आतून हाक मारली, मी नवा घेऊन गेले. एवढंच. मार्कर माझ्या हातातच राहिला आणि मॅडमनी खांद्याला धरून मला बाकांसमोर फिरवलं.

"आज आपण चिन्हं शिकतोय," मॅडम मुलांना म्हणाल्या. "माणूस तोंड उघडायच्या आधीच बोलत असतो. कपडे बोलतात, केस बोलतात, उभं राहणं बोलतं. आता हिला वाचा. नुसतं बघून काय काय कळतं?"

बारामतीतला क्लास. व्यक्तिमत्त्व विकास, मुलाखतीची तयारी, संवादकौशल्य, असं बाहेर पाटीवर लिहिलेलं. समोर बसलेली पोरं-पोरी माझ्याहून चार-दोन वर्षांनी लहान. त्यांच्या नोट्स मी छापून द्यायची. त्यांच्या फोनवर लेक्चरची वेळ मी पाठवायची. आता ती मला वरपासून खालपर्यंत बघत होती.

"केसांना तेल."

"ओढणीला दोन्ही खांद्यांवर सेफ्टी पिना."

"हातावर गोंदलंय मॅडम, हिरवं."

मॅडम फळ्यावर लिहीत होत्या. तेल. पिना. गोंदण. माझ्याच हातातला मार्कर काढून घेऊन.

मागच्या बाकावरून एक चष्मेवाला म्हणाला, "मेंढरामागची वाटते."

"कशावरून?" मॅडमनी विचारलं. रागावून नाही हां. कौतुकानं.

"उभी कशी राहिलीय बघा ना. एका पायावर भार देऊन. मेंढरं राखणारे असेच उभे राहतात, काठीला टेकून."

"व्हेरी गुड! याला म्हणतात देहबोली. टाळ्या."

टाळ्या वाजल्या. मी पटकन दोन्ही पायांवर उभी राहिले, तर आणखी हसले.

"आता एक वाक्य बोल," मॅडम मला म्हणाल्या. "तुझं गाव कुठं आहे, सांग त्यांना."

मला शुद्ध बोलता येत होतं. बी.ए. मराठी घेऊन केलंय मी. पण सगळा वर्ग तोंडाकडं बघत असला की घशातून येतं ते घरचंच येतं. मी म्हणाले, "इंदापूरकडं हाय माझं गाव."

"हाय!" एक पोरगी हात हलवून म्हणाली.

"हॅलो!" दुसरा ओरडला.

मग सगळा वर्गच हात हलवून मला हाय-हाय करायला लागला. मॅडम हसत हसत म्हणाल्या, "बघा, एका शब्दात सगळं आलं. घर, गाव, बॅकग्राउंड." जात हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. त्या कधीच उच्चारायच्या नाहीत.

आणि मी काय केलं? मी पण हसले. दात काढून हसले. हात हलवून वर्गाला हाय केलं.

आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण त्या दिवशी मी का हसले, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी हसले कारण मला वाटत होतं, मॅडम माझ्याच आहेत. घरातलं माणूस चेष्टा करतं, तशी करतायत. आणि त्या माझ्या आहेत याचा पुरावा माझ्याकडं होता. वर त्यांच्या स्वयंपाकघरात माझ्या नावचा कप होता.

क्लास खाली आणि मॅडमचं घर वर. दुपारच्या चहाला मला वर बोलवायचे. पहिल्या दिवशी गेले तेव्हा स्वयंपाकाच्या काकूंनी रॅकमधले कप एकेक उचलून उलटे करून बघितले. सगळे कप एकाच सेटमधले. पांढरे, वर बारीक निळी कड. एका कपाच्या बुडाला लाल ठिपका होता, नेलपॉलिशचा. तो काकूंनी खाली घेतला, त्यात चहा ओतला आणि मला दिला. दुसऱ्या दिवशी तोच. तिसऱ्या दिवशी तोच. मी चहा पिऊन झाल्यावर कप उलटा करून ठिपका बघायची आणि छाती भरून यायची.

हसू नका. आमी धनगर. आमच्यात ठिपक्याचा अर्थ वेगळा हाय.

माझ्या लहानपणी आबांकडं मोठा कळप होता. आबा म्हणजे माझे वडील. आता कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं थोडीच राहिली. पण तेव्हा कातरणी झाली की आबा गेरू कालवायचे आणि प्रत्येक मेंढराच्या मानेवर लाल ठिपका द्यायचे. चरताना आमचं मेंढरू दुसऱ्याच्या कळपात घुसलं, तर भांडण नाही, तंटा नाही. ठिपका दाखवायचा आणि मेंढरू घरी आणायचं. ठिपका म्हणजे हे आपलं आहे, हे हरवू द्यायचं नाही. मी मध्ये मध्ये लुडबुड करायची तर आबा माझ्या गालाला बोट लावायचे आणि म्हणायचे, "ही बी आपलीच."

अशा घरातली मी. मला लाल ठिपक्याचा कप दिला तर मी काय समजणार? मला वाटलं, मॅडमनी मला आपल्यात घेतलं. एवढ्या कपांत माझा कप हरवू नये म्हणून खूण केली. केवढी माया!

त्यात मॅडमनी शब्द दिला होता. दिवाळीनंतर मराठीची बॅच तुला देते म्हणाल्या होत्या. पाटीवर त्यांच्या नावाखाली माझं नाव येणार होतं. आमच्या घराण्यात फळ्यासमोर उभं राहून शिकवलेलं माणूस अजून झालेलं नाही. फळ्यासमोर उभं राहून शिव्या खाल्लेली पुष्कळ झाली. मला ती बॅच हवी होती. जीव टाकत होते मी त्या बॅचवर, खोटं कशाला बोलू?

सुट्टीच्या दिवशी घरी गेले तेव्हा आईला सांगितलं. आई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आये, मॅडमच्या घरात माझा येगळा कप हाय. खूण केलीय त्याला. लाल ठिपका."

आईचे हात थांबले. "कुठं केलीय?"

"बुडाला."

"बुडाला? वर का न्हाय?"

"वर केला तर कप घाण दिसंल की गं."

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि भाकरी तव्यावर टाकली. मला तिचा रागच आला. म्हटलं, हिला शहरातलं काय कळतंय?

पुढं एकदा वर एसी दुरुस्त करायला माणूस आला होता. मी चहाला गेले तर माझ्या कपातून तो चहा पीत बसलेला. आधी वाटलं, दुसरा असेल. पण त्यानं कप पालथा ठेवला आणि ठिपका दिसला. माझं डोकंच फिरलं. मी काकूंशी भांडले. अहो, खरंच भांडले!

"काकू, माझा कप त्यांना का दिला? तो माझा आहे. दुसऱ्या कुणाला देत जाऊ नका."

काकूंनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं त्यांना चूक कळली. मग त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "नाही देत हो बाई. तुझाच तो. घे." त्यांनी तो कप मोरीवरच्या वेगळ्या घासणीनं घासून मला चहा दिला, आणि मी तो जिंकल्यासारखी प्याले.

आपल्या अपमानासाठी भांडणारी माणसं कमी असतील. मी भांडलेय. माझाच राहू दे म्हणून हट्ट धरलाय.

तर अशा या कपाच्या जोरावर मी वर्गात हसले होते. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई बारामतीला आली.

बँकेत केवायसीचं काम होतं. आईचा अंगठा मशिनीवर उमटेना. बँकेतला पोरगा सारखा "जोरात दाबा आजी, पुसून घ्या आजी" करत होता. आई काही आजी नाही अजून. पण काम करून करून अंगठ्याच्या रेषाच गेल्यात, मशीन बिचारी काय वाचणार? शेवटी डोळ्याच्या मशिनीवर काम झालं. आई दमली होती. स्टँडवर चल म्हणत होती.

मी ऐकलं नाही. "मॅडमचं घर बघ. माझा कप बघ. च्या पिऊन जा."

"कशाला गं? ईष्टी जाईल निघून."

"दुसरी हाय की मागनं. चल."

मी तिला ओढत नेलं. मला दाखवायचं होतं. आईला मॅडम दाखवायच्या होत्या, आणि मॅडमना आई. आईनं पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला, घरून मॅडमसाठी म्हणून आणलेला. मॅडम "अरे वा, कशाला त्रास घेतलात" म्हणाल्या आणि डबा हातात न घेता वॉशिंग मशिनकडं बोट केलं. "तिथं ठेवा." मग गॅलरीतल्या प्लास्टिकच्या स्टुलाकडं बोट केलं. "बसा ना."

आई स्टुलावर बसली. पदर डोक्यावरून नीट घेऊन. मॅडम हॉलमध्ये सोफ्यावर, फोनमध्ये बघत. मी स्वयंपाकघराच्या दारात. काकूंनी चहा टाकला आणि आतून विचारलं, "बाई, चहा कशात देऊ यांना?"

"त्या कपात द्या की."

"तो एकच आहे ना. या दोघी आहेत."

मॅडमनी फोनवरून मान वर केली नाही. "मग एकीचं झालं की विसळून दुसरीला द्या."

रॅक माझ्या डोळ्यांसमोर होता. पांढरे स्वच्छ कप, निळ्या कडेचे, ओळीनं मांडलेले. भरपूर होते. पाच-सहा पाहुणे आले तरी पुरले असते. माझ्या आईला त्यातला एक मिळणार नव्हता. माझं पिऊन होईस्तोवर तिनं मोकळ्या हातानं स्टुलावर बसायचं होतं.

काकूंनी पहिला चहा माझ्या हातात दिला. कप गरम होता, मी तो धरून तशीच उभी राहिले. आईनं सगळं ऐकलं होतं. तिनं रॅककडं बघितलं, कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"पी गं. गार व्हईल."

मी कप तिच्या हातात दिला. आईनं चहा प्याला. न थांबता, सगळा. कप काकूंना परत दिला. काकूंनी तो त्या वेगळ्या घासणीनं घासला आणि परत भरून माझ्याकडं केला. मी हात पुढं केला नाही. चहा ओट्यावर राहिला.

"येतो बाई," आई हॉलकडं बघून म्हणाली. "ईष्टी हाय."

"हो हो, या," मॅडम फोनमध्येच म्हणाल्या.

रस्त्यानं आई भराभर चालली. स्टँडवर इंदापूरची गाडी लागायची होती. मी विचारलं, "तुला कळलं हुतं?"

"तू सांगितलंस तवाच."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू लई खुशीत हुतीस." आई गाडीच्या वाटेकडं बघत होती. "आगं, बाजारात व्यापारी बी रंग लावतोच की मेंढराला. इकत घेतलं की लावतो. ती खूण घरी आणायची नसती. येगळं काढायची आसती. तू आबांचीच खूण धरून बसलीस."

मला बाजार माहीत होता. व्यापाऱ्याचा निळा पट्टा मी पाहिला होता. तो पट्टा पडला की आबा त्या मेंढराकडं परत बघायचे नाहीत, हेही पाहिलं होतं. तरी मला कळलं नाही. कपावर रंग आबांचाच, ठिपका आबांचाच, फक्त लावणारा हात दुसरा. एवढी साधी गोष्ट. त्याच मॅडम वर्गात सिग्नलचा लाल आणि कुंकवाचा लाल दाखवून शिकवायच्या की रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, आपण तो देतो. मी मागं उभी राहून ते लिहूनही घ्यायची. मूर्ख मी!

गाडी आली. आई चढता चढता म्हणाली, "माजं काय न्हाय. मी च्या पिऊन आली. पण तू रोज पिणार हाईस. तुजं तू बघ."

रडले मी. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून रडले, लोक बघत होते तरी. पण रडून झाल्यावर जे राहिलं तो राग होता आणि तो राग अजून आहे. राग आला की माझं 'आहे'चं 'हाय' होतं. होऊ दे. मला दोन्ही येतं.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये पाहुणे यायचे होते. एका कॉलेजचे प्राचार्य आणि त्यांची बायको. प्राचार्य आपल्या कॉलेजातली सगळी पोरं मॅडमच्या क्लासला पाठवणार, अशी बोलणी होती. मॅडम सकाळपासून नव्या साडीत. लेक्चर झालं की पाहुण्यांना वर चहाला आणणार होत्या. मला म्हणाल्या, "ट्रे तू आण. नीट धर. आणि बोलायचं काम पडलं तर आहे-नाही म्हण, कळलं ना?"

कळलं.

पाहुणे खाली वर्गात असताना मी वर गेले. काकू कांदा चिरत होत्या. ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये काडेपेटी, रबरं, मेणबत्त्या, आणि त्यातच ती नेलपॉलिशची बाटली असायची. मॅडम तो रंग नखांना लावायच्या नाहीत. बाटली ठेवलीच होती कपासाठी. ठिपका झिजला की परत लावायला.

मी बाटली काढली. रॅकमधला पहिला पांढरा कप उलटा धरला आणि बुडाला ठिपका दिला.

"अगं, काय करतेस?" काकू म्हणाल्या.

"खूण करतेय."

"बाईंना कळलं तर—"

"कळावं म्हणूनच करतेय काकू."

मी एकेक कप घेत गेले. सेटमधले सगळे. मग बश्या. मग पाण्याचे पेले. मग मॅडमच्या नवऱ्याचा तो मोठा मग, ज्याला काकूसुद्धा जपून हात लावायच्या. देवघराकडं गेले नाही, तिथं माझं काही काम नव्हतं. घाईत एक-दोन ठिपके मोठे झाले. काकूंनी कांदा चिरायचा थांबवला होता. त्यांनी मला अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "माझं नाव घेऊ नकोस." मी नाही घेतलं.

आबा मेंढराला ठिपका देताना गप्प असायचे. मला मात्र तोंडानं काहीतरी बोलावंसं वाटत होतं, म्हणून मी प्रत्येक कपाला म्हणत होते, हा बी आपला. हा बी आपला.

पाहुणे वर आले. मी ट्रे घेऊन गेले, नीट धरून. प्राचार्यांना कप दिला, त्यांच्या बायकोला दिला, मॅडमना दिला. मॅडम काहीतरी गोड बोलत होत्या. त्यांनी बशी बाजूला ठेवली आणि कप दोन्ही हातांनी धरला, एक हात बुडाखाली. त्यांना तशी सवय आहे. रंग अजून ओला होता.

बोटाला लाल लागलं. मॅडमनी बोट बघितलं. मग कप उंच धरून खालून बघितला. मग त्यांची नजर प्राचार्यांच्या कपाकडं गेली. प्राचार्य कप ओठांना लावून चहा पीत होते आणि त्यांच्या कपाचं बूड सगळ्यांसमोर होतं, लाल ठिपक्यासकट.

"हे काय आहे?" मॅडमचा आवाज बारीक झाला.

"खूण, मॅडम."

"कुणी केली?"

"मी."

प्राचार्यांनी कप खाली घेतला आणि आपल्या बायकोचा कप वाकून बघितला. "अरे, सगळ्यांनाच आहे की. कसली खूण ही?"

मॅडम लाल बोट पुसायला लागल्या. चिन्हांचा अर्थ शिकवणारी बाई. अर्थ सांगायचा तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग म्हणाल्या, "काही नाही हो, सेट ओळखायला. काकू करायला सांगतात काहीतरी."

त्या खोटं बोलल्या त्याचं काही वाटलं नाही. पण काकूंवर ढकललं. तिथं माझं तोंड सुटलं.

"काकू न्हाय सांगत, सर. या घरात ज्याला येगळ्या कपात द्यायचं, त्याच्या कपाला ही खूण असती. एसीवाला आला की त्याला. मला रोज. काल माझी आई आली, दोघींत एकच कप, माझा घासून तिला द्या म्हणाल्या. मला वाटत हुतं खूण म्हंजी आपलं माणूस. म्हणून म्हटलं, सगळ्यांना करू. सगळेच आपले."

आहे-नाही म्हण असं सांगितलं होतं. एकदाही म्हणाले नाही.

प्राचार्यांच्या बायकोनं कप बशीत ठेवला. कप ठेवल्याचा आवाज मोठा झाला. प्राचार्य म्हणाले, "निघूया आपण." मॅडम त्यांच्या मागं जिन्यापर्यंत गेल्या, काहीतरी सांगत, हसायचा प्रयत्न करत. मग परत आल्या. दार लावलं.

"तुला कळतंय का तू काय केलंस?"

"व्हय."

"जात काढलीस तू माझी पाहुण्यांसमोर! आम्ही कधी जात मानली? ते हायजिन आहे गं. बाहेरून लोक येतात, कुणाला काय असेल. स्वच्छतेचा प्रश्न आहे."

"तुम्हाला मागं एवढी सर्दी झालती. तवा तुमी प्यालात का त्या कपात?"

मॅडमनी टेबलावर हात आपटला. "घरात घेतलं मी तुला! माझ्या घरात!"

"घरात न्हाय घेतलं मॅडम. मोरीपर्यंत घेतलं."

"बॅच देणार होते तुला. पाटीवर नाव लावणार होते. कोण देतं गं तुमच्यातल्या पोरीला असं?"

तुमच्यातल्या. आला शब्द. एवढे महिने बॅकग्राउंडच्या मागं लपून बसलेला, आला एकदाचा बाहेर. मला बरं वाटलं, खरंच सांगते. आता वाचायला काही राहिलं नव्हतं.

मी ओढणी सारखी केली. पिना होत्या तिथंच होत्या. वॉशिंग मशिनवरचा आईचा डबा उचलला, तो अजून तसाच होता, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. जिना उतरून खाली आले. वर्गात पोरं बसली होती. चष्मेवाला दारात उभा होता, त्यानं मला "हाय" केलं, हात हलवून. मी थांबले. "हाय," मी म्हणाले. "म्हंजी, हितंच हाय. बारामतीतच हाय. कुठं जात न्हाय. पुन्यांदा वर्गापुढं कुणाला उभं करून वाचलंस, तर तुला वाचायला मी बी येते." तो बाजूला झाला.

पुढचं थोडक्यात सांगते. मॅडमचा फोन आला, एकदा नाही, पुष्कळदा. आधी चढा आवाज, मग मऊ. मोठ्या मनानं समजून घे म्हणाल्या. बॅच घे, पण झालेलं कुठं बोलू नकोस म्हणाल्या. घरी सगळ्यांना वाटत होतं घ्यावी. आबासुद्धा म्हणाले, "काम हाय, कपाचं काय घिऊन बसलीस." आई भाकरी थापत राहिली. मला बॅच हवी होती, अजून हवी आहे. मी म्हटलं, न्हाय.

दुसऱ्या क्लासमध्ये गेले तर तिथं आधीच फोन पोचलेला. पोरगी भांडखोर आहे म्हणे. आहे. सध्या मी आमच्या गावातच शिकवते, समाजमंदिरात, दहावीच्या पोरांना मराठी. निळ्या कडेचे कप नाहीत तिथं. फळा पण धड नाही.

मधे बारामतीच्या मंडईत काकू भेटल्या. इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "बाईंनी सगळे ठिपके पुसले गं, रिमूव्हर लावून. कापूस लाल झाला नुसता."

पुसणारच. नेलपॉलिशच ते, निघायला कितीसा वेळ लागतो. पण पुसल्यावर पंचाईत झाली. कप सगळे एका सेटमधले. सगळे पांढरे, सगळ्यांना निळी कड. त्यातला आमचा कुठला होता, हे आता कुणाला कळेना. काकू सांगत होत्या, मॅडम रोज चहाचा कप हातात घेतात, फिरवून फिरवून बघतात, हुंगतात, आणि परत ठेवतात. हा तर नसेल? ज्यातून एसीवाला प्याला, ज्यातून माझी आई प्याली, तो हाच तर नसेल?

मी रस्त्यात मोठ्यानं हसले. काकू घाबरल्या.

"फेकत का न्हाईत मग?"

"लग्नातला सेट आहे गं त्यांच्या. आईनं दिलेला." काकूंनी आवाज आणखी बारीक केला. "एक नवा कप आणलाय. काचेचा. वेगळा ठेवलाय."

आला की नाही परत? मला माहीत होतं, येणार. ठिपका नसेल तर काच, काच नसेल तर कागदी ग्लास, तेही नसेल तर "तुमच्यासाठी बाहेरच आणते हं चहा." खूण करणारी माणसं रंगाला अडत नाहीत. एका घरातले कप रंगवून ती सुधारत नाहीत, आणि त्यांना सुधारायचा मक्ता मी घेतलेला नाही.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. मोठ्या घरात गेले, हापिसात गेले, मुलाखतीला गेले, कुणी माझ्यापुढं कप ठेवला, की मी आधी तो उलटा करून बघणार. सगळ्यांसमोर बघणार. कुणाला वाईट वाटो, कुणी मला अडाणी म्हणो, कुणी दारातनं परत पाठवो. भरलेला असला तरी उलटा करणार. चहा सांडला तर सांडू दे.